बंदर हवे की समुद्र?

आमच्या बडोद्याच्या घरात ‘कॅरिबियन’ हा शब्द पूर्वी कधी कुणी उच्चारला नव्हता. त्या मुलखाचे आमच्या घरातले नाव ‘वेस्ट इंडीज’, आणि वेस्ट इंडीज म्हणजे क्रिकेट. त्यामुळे २०२४ च्या नोव्हेंबरात आम्ही उभयतां न्यू जर्सीला मुलीकडे गेलो आणि तिने जेवणाच्या टेबलावर रंगीत चोपड्या पसरून, “आई, बाबा, फेब्रुवारीत तुम्हां दोघांना कॅरिबियन क्रूझला पाठवायचं आम्ही ठरवलंय,” असे जाहीर केले, तेव्हा हे काय प्रकरण आहे ते कळायला मला थोडा वेळ लागला. ह्यांना मात्र लागला नाही. “ब्रिजटाउनला जाते का बोट?” एवढेच त्यांनी विचारले.

मुलीला ब्रिजटाउन ठाऊक नव्हते. मला नाव ठाऊक होते, कारण लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून ती कथा मी अनेकदा ऐकलेली. १९६२ च्या मार्चमध्ये हे दहा वर्षांचे होते. भारतीय संघ वेस्ट इंडीजच्या दौऱ्यावर होता आणि कर्णधार होते नरी कॉन्ट्रॅक्टर, म्हणजे जन्माने आमच्या शेजारच्या गोध्र्याचे. ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हल मैदानावर बार्बाडोसच्या संघाशी खेळताना चार्ली ग्रिफिथचा चेंडू त्यांच्या डोक्यावर बसला आणि कवटीला तडा गेला. त्या काळी शिरस्त्राण नव्हते. शस्त्रक्रियेसाठी रक्त हवे होते. ते द्यायला पॉली उम्रीगर, बापू नाडकर्णी आणि बडोद्याकडून खेळलेले चंदू बोर्डे पुढे आले, आणि त्यांच्याबरोबर वेस्ट इंडीजचा कर्णधार फ्रँक वॉरेलही. मामंजी ही बातमी वर्तमानपत्रातून मोठ्याने वाचून दाखवत होते, तेव्हा ह्यांनी विचारले होते म्हणे, “नाना, समोरच्या संघाचं रक्त चालतं का?” मामंजींनी चष्मा काढला आणि “चालतं,” एवढेच म्हणाले. कॉन्ट्रॅक्टर वाचले, पण कसोटी सामना पुन्हा खेळले नाहीत.

आता दुसरी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तिच्यावाचून आमची निवड समजणार नाही. गेली तीन वर्षे ह्यांच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग झिजत चालला आहे. डॉक्टर त्याला मॅक्युलाचा विकार म्हणतात. ह्यात कडेचे दिसते आणि मधले हरवते. समोरच्या माणसाचे कान दिसतात, चेहरा दिसत नाही. दाराची सरळ चौकट मध्येच वाकल्यासारखी भासते. डावा डोळा बरा आहे, पण त्यातही सुरुवात झाली आहे, आणि त्यासाठी काही आठवड्यांच्या अंतराने इंजेक्शने घ्यावी लागतात. मुलीने ही सफर नेमकी आत्ताच का काढली, हे आम्हां सगळ्यांना कळले होते. कुणी बोलले नाही.

आपल्या वाचकांपैकी पुष्कळांची मुले आता परदेशी आहेत, आणि अशी भेट आज ना उद्या अनेकांच्या वाट्याला येणार आहे. म्हणून आमची निवड कशी झाली, ते जरा विस्ताराने लिहिते.

प्रथम नकाशा. कॅरिबियन समुद्राचा विस्तार सुमारे २७ लाख चौरस किलोमीटर. म्हणजे आपल्या भारताहून थोडा लहान. एका आठवड्यात त्याचा कोपराच पाहून होतो, हे ध्यानात घेतले की अर्धे काम झाले. फ्लॉरिडाहून निघणाऱ्या तीन-चार रात्रींच्या स्वस्त सफरी बहुधा फक्त बहामाज बेटांपर्यंत जातात. ती बेटे सुंदर असतील, पण खरे पाहता ती अटलांटिकात आहेत. १४९२ साली कोलंबस पहिल्यांदा ह्याच बेटांपैकी एकावर उतरला आणि आपण हिंदुस्थानाजवळ पोहोचलो असे समजला. त्याच्या त्या चुकीपायी सगळ्या मुलखाला ‘वेस्ट इंडीज’ हे नाव पडले आणि ते पाचशे वर्षे टिकले.

आठवड्याच्या सफरींचे ढोबळ मानाने तीन मार्ग. पश्चिमेचा मार्ग मेक्सिकोचे कोझुमेल, ग्रँड केमन, जमैका, होंडुरासचे रोआतान असा जातो. पूर्वेचा मार्ग सेंट थॉमस, सेंट मार्टिन वगैरे बेटांकडे. आणि दक्षिणेचा मार्ग, ज्यावर बार्बाडोस, सेंट लुशिया, ग्रेनेडा, मार्टिनिक अशी बेटे मण्यांच्या माळेसारखी एकाखाली एक येतात. मायामीहून निघणारे जहाज सात दिवसांत तीन-चार बंदरे करते, बाकीचे दिवस पाण्यावर जातात. दक्षिणेची माळ मात्र फ्लॉरिडापासून दूर. तिथे जायचे तर विमानाने आधी पोर्तो रिकोच्या सान हुआनला पोहोचावे आणि तिथून जहाज धरावे हे सोयीचे. अशा सफरीत जवळजवळ रोज नवे बेट लागते.

ह्यांना हवे असलेले ब्रिजटाउन बार्बाडोसची राजधानी, म्हणजे दक्षिणेच्या माळेत. प्रश्न इथेच मिटायला हरकत नव्हती. पण घरात पाच माणसे होती आणि प्रत्येकाचे मत निराळे.

नातवाला आजी-आजोबांनी जगातल्या सगळ्यांत मोठ्या जहाजावर जायला हवे होते. २०२४ च्या जानेवारीत मायामीहून धावू लागलेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ हे जहाज त्याने आम्हांला हलत्या चित्रांसकट दाखवले. वीस मजले, एका खोलीत दोघे धरले तर ५,६१० उतारू, पूर्ण भरले तर ७,६००. पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फावर घसरण्याचे रिंगण, झाडे लावलेला बगीचा. हे म्हणाले, “अरे, ह्यात समुद्र कुठं आहे?” थट्टेत म्हणाले, पण मुद्दा खरा होता. एवढे अजस्र जहाज लहान बेटांच्या धक्क्याला लागू शकत नाही. ते मोजक्या मोठ्या बंदरांना आणि कंपनीने स्वतःसाठी सजवलेल्या बेटाला जाते. तिथे उतरावे तर पुन्हा जहाजाचीच माणसे आणि जहाजाचेच जेवण. लहान मुले बरोबर असतील तर ह्याहून चांगली सोय नाही. आम्हां दोघांना, त्यातून एकाला गर्दीत चेहरे ओळखता येत नसताना, एवढा पसारा काय करायचा होता?

जावईबापूंचे मत पश्चिमेच्या मार्गाला. खर्च कमी आणि मायामीला त्यांचे स्नेही. तो मार्ग मी मोडून काढला. कारण सांगते. ग्रँड केमनला मोठी जहाजे धक्क्याला लागत नाहीत. जहाज खोल पाण्यात नांगर टाकते आणि उतारूंना लहान होड्यांतून किनाऱ्याला नेतात. माझे माहेर वेंगुर्ले. माझ्या लहानपणी, १९६० च्या सुमारास, मुंबईच्या भाऊच्या धक्क्याहून निघालेली आगबोट वेंगुर्ल्यासमोर अशीच लांब उभी राही आणि आम्हांला पडावात उतरावे लागे. आगबोटीची शिडी एकीकडे हाले, पडाव दुसरीकडे. मी सहा वर्षांची असताना माझा पाय त्या दोहोंच्या मध्ये गेला होता. एका खलाशाने दंडाला धरून वर उचलले म्हणून आज हे लिहीत आहे. आता अशा होड्या मोठ्या आणि सुरक्षित असतात, हे मला सगळ्यांनी समजावले. मलाही ते पटले. पण ज्यांना पायरीची कड नीट दिसत नाही अशा माणसाचा हात धरून मी पुन्हा त्या फटीवरून जायला तयार नव्हते. वयस्कर मंडळींनी सफर निवडताना हे अवश्य पाहावे, की कोणत्या बंदरात धक्का आहे आणि कोणत्या बंदरात होडी. चोपडीत ते बारीक अक्षरांत लिहिलेले असते.

मग दक्षिणेचा मार्ग ठरला. मुलीने कागदावर लिहिले: सोमवार अमुक बंदर, मंगळवार अमुक, बुधवार, गुरुवार... हे एकेक नाव ऐकून मान डोलावत होते. मी गप्प होते. मुलीने विचारले, “आई, तुला काय हवंय?” मी म्हटले, “मला काय, तुमचं ठरेल तिथं येईन.” हे वाक्य मी आयुष्यात इतक्या वेळा उच्चारले आहे, की ते आपोआप तोंडातून येते.

त्या रात्री मला झोप लागली नाही. मी वेंगुर्ल्याची मुलगी, समुद्राच्या आवाजावर झोपणारी. १९७९ साली लग्न होऊन बडोद्याला आले. नवी नवरी असताना हे मला संध्याकाळी सुरसागरच्या काठी नेत आणि कौतुकाने म्हणत, “हा बघ आमचा सागर.” चारी बाजूंनी दगडी बांध घातलेले ते तळे. मी हसत असे. तळे चांगले आहे, आजही मला प्रिय आहे. पण त्याला भरती नाही, ओहोटी नाही, पलीकडचा काठ सतत दिसतो. मला पलीकडचा काठ न दिसणारे पाणी पाहायचे होते. आगबोट म्हणजे लहानपणी ओकारी, गर्दी, आईच्या मांडीवर डोके. डोळे उघडे ठेवून समुद्राच्या मध्यावर मी कधी बसलेच नव्हते.

सकाळी चहाच्या वेळी मी ह्यांना म्हटले, “अहो, ब्रिजटाउनला जाऊ या. पण मला एक दिवस असा हवा, की बोट कुठंच थांबणार नाही.”

हे कप हातात धरून बसून राहिले. मग म्हणाले, “पंचेचाळीस वर्षांत हे कधी बोलली नाहीस.”

“बडोद्यात कुठं विषय निघणार होता?”

“पाण्यावर दिवसभर बसून मला काय दिसणार?” त्यांच्या आवाजात राग नव्हता, पण शब्द लागले. खरेच होते ते. ज्यांच्या डोळ्यांसाठी हा सारा घाट, त्यांचा एक संपूर्ण दिवस मी मागत होते. बंदरात घरे, माणसे, डोंगर असतात. समुद्रावर नुसते पाणी. मी विषय सोडून दिला. दोन दिवस घरात जरा जपून बोलणे चालले होते. मुलीने ओळखले असावे, पण ती शहाणी आहे.

तिसऱ्या दिवशी हे आपणहून लॅपटॉपपाशी जाऊन बसले आणि पडद्यावरची अक्षरे बोटाएवढी मोठी करून एकेक मार्ग तपासू लागले. दुपारी मला हाक मारली. सान हुआनहून रविवारी निघणारी एक सफर त्यांनी शोधून काढली होती: सोमवारी सेंट थॉमस, मंगळवारी दिवसभर समुद्र, बुधवारी बार्बाडोस, मग सेंट लुशिया, सेंट किट्स, सेंट मार्टिन आणि परत सान हुआन. सगळीकडे धक्का. बार्बाडोस हे बाकीच्या माळेपासून सुटून पूर्वेला अटलांटिकात बसलेले बेट, म्हणून तिथे पोहोचायला जहाजाला तो एक दिवस लागतोच. “हे बघ,” हे म्हणाले, “तुझ्या समुद्रावरूनच माझ्या ब्रिजटाउनला जावं लागतं.”

मार्ग एकदा ठरला की बाकीचे सोपे, असे आम्हांला वाटले होते. तसे नसते. जाहिरातीतला दर हा एका माणसाचा आणि तोही एका खोलीत दोघे राहणार असे धरून. त्यावर बंदरांचे कर, नोकरवर्गाची बक्षिशी (बहुतेक कंपन्या माणशी रोज सोळा ते वीस डॉलर आपोआप धरतात), किनाऱ्यावरच्या सहली, इंटरनेट, मद्य. शेवटच्या बाबतीत आमचा खर्च शून्य. व्हिसाचे लक्षात ठेवावे: जहाज अमेरिकेच्या बंदरातून निघून परत तिथेच येते, म्हणून आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांना अमेरिकेचा अनेकवार प्रवेशाचा व्हिसा हवा. अमेरिकन नागरिकांना अशा सफरीवर जन्मदाखला आणि ओळखपत्र चालते. ते ऐकून आपण गैरसमज करून घेऊ नये. शिवाय प्रत्येक बेटाचे नियम स्वतंत्र. ते तिकीट काढण्याआधी कंपनीकडून लेखी मागवावेत. विमा घ्यावा आणि तो समुद्रावरच्या आजारपणाला लागू आहे ना, हे विचारावे. जहाजावरचा डॉक्टर डॉलरात पैसे घेतो.

ऋतू महत्त्वाचा. तिथला वादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, आणि ऑगस्ट ते ऑक्टोबर हा त्यातला वाईट काळ. त्या दिवसांत दर उतरतात, ते उगीच नव्हे. डिसेंबर ते एप्रिल महाग, पण हवा कोरडी. आम्ही फेब्रुवारी निवडला आणि ह्यांच्या दोन इंजेक्शनांच्या मधला आठवडा साधला.

खोलीच्या बाबतीत मात्र आम्ही फसता फसता वाचलो. एका एजंटाने ‘समुद्राकडची खिडकी’ म्हणून जी खोली आमच्या नावे धरली होती, तिच्या काचेबाहेर जीवरक्षक होडी टांगलेली होती. खिडकीतून समुद्राऐवजी त्या होडीचे नारिंगी पोट दिसले असते. मुलीने जहाजाचा मजलावार नकाशा काढून पाहिला म्हणून कळले. एजंट म्हणाला, “उजेड येतो ना.” आम्ही थोडे पैसे अधिक भरून जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर, मोकळ्या खिडकीची खोली घेतली. जहाज मध्ये आणि खाली सर्वांत कमी हलते. टोकाच्या आणि वरच्या खोल्या झोक्यासारख्या झुलतात. तरीही मी आल्याच्या वड्या करून नेल्या होत्या, त्या पहिल्याच रात्री कामी आल्या.

सान हुआनला आम्ही एक दिवस आधी पोहोचलो. जहाज उशिरा येणाऱ्या विमानासाठी थांबत नाही, म्हणून प्रत्येकाने असेच करावे. पोर्तो रिको अमेरिकेच्याच ताब्यात असल्याने विमानतळावर वेगळी तपासणी नाही. जुन्या गावात निळसर विटांसारखे दगड बसवलेले रस्ते आहेत आणि समुद्राच्या तोंडावर स्पॅनिश लोकांनी १५३९ पासून बांधत आणलेला एल मोरोचा किल्ला. विजयदुर्ग पाहिलेल्या माणसाला तिथे परके वाटत नाही.

जहाज मध्यम आकाराचे, दोनेक हजार उतारूंचे. चढल्याबरोबर संकटाच्या वेळी कुठे जमायचे ते सर्वांना दाखवतात. १९१२ च्या टायटॅनिकच्या दुर्घटनेनंतर ह्याचे नियम कडक झाले. आमच्या खोलीची झाडलोट करणारा पोरगा गोव्याच्या बार्देशचा निघाला. गोव्यात जहाजावर नोकरी करणाऱ्याला ‘तारवटी’ म्हणतात. पिढ्यान् पिढ्या ती माणसे जगाची जहाजे सांभाळत आली आहेत. मी वेंगुर्ल्याची म्हटल्यावर तो कोकणीत आला. त्याची मुलगी आठ महिन्यांची होती आणि त्याने तिला अजून प्रत्यक्ष पाहिले नव्हते. रोज संध्याकाळी तो टॉवेलाची घडी करून आमच्या पलंगावर कधी हत्ती, कधी हंस ठेवी. ह्यांच्या डोळ्यांचे कळल्यावर त्याने न सांगता न्हाणीघराच्या उंबऱ्यावर पांढरा टॉवेल अंथरायला सुरुवात केली, म्हणजे कड दिसावी. जेवणाची आबाळ झाली नाही. आधी कळवून ठेवले होते, त्यामुळे ह्यांना रोज एखादी भारतीय शाकाहारी भाजी मिळे. मी मासे खाल्ले.

सेंट थॉमसविषयी फार लिहीत नाही. १९१७ साली डेन्मार्कने ती बेटे अडीच कोटी डॉलरांना अमेरिकेला विकली. आता तिथे दागिन्यांची दुकाने आहेत आणि त्यांतली कितीतरी आपल्या सिंधी व्यापाऱ्यांची. सेंट मार्टिनलाही तेच. एका दुकानदाराने आम्हांला हिंदीत बोलावून बसवले, थंड पाणी दिले आणि काही घ्या असा आग्रह केला नाही. मला ते दागिन्यांपेक्षा आवडले.

बुधवारी सकाळी बार्बाडोस आले. लोकसंख्या जेमतेम तीन लाखांच्या आत. १९६६ साली स्वतंत्र झाले, २०२१ साली प्रजासत्ताक. जहाजावरचे बहुतेक उतारू पांढऱ्या वाळूकडे गेले. केन्सिंग्टन ओव्हल धक्क्यापासून दीडेक किलोमीटरवर. आम्ही टॅक्सी केली. दाराशी गारफील्ड सोबर्सचा पुतळा आहे. त्या दिवशी सामना नव्हता. म्हाताऱ्याशा पहारेकऱ्याने आधी मान हलवली. मग ह्यांनी नरी कॉन्ट्रॅक्टरचे नाव घेतले तेव्हा तो क्षणभर ह्यांच्याकडे पाहत राहिला आणि त्याने दार उघडले. तो त्या दिवसाबद्दल आपल्या बापाकडून ऐकून होता. वॉरेल, वीक्स, वॉलकॉट, तिघेही ह्याच परिसरातले, असे त्याने अभिमानाने सांगितले. ह्यांनी त्याला सांगितले, की कलकत्त्याला १९८१ पासून दर वर्षी ३ फेब्रुवारीला फ्रँक वॉरेलच्या नावाने लोक रक्तदान करतात. ते त्याला माहीत नव्हते. त्याने टोपी काढली.

आत गेलो. २००७ च्या विश्वचषकासाठी मैदान पुष्कळसे नव्याने बांधले आहे. १९६२ चे काही डोळ्यांना दिसेल अशी आशा नव्हतीच. रिकाम्या खुर्च्या, वारा, आणि मध्ये हिरवेगार वर्तुळ. २०२४ च्या जूनमध्ये भारताने टी-ट्वेंटीचा विश्वचषक इथेच जिंकला. शेवटचे षटक टाकणारा हार्दिक पंड्या आमच्या बडोद्यात क्रिकेट शिकलेला. पहारेकरी त्या रात्रीचे वर्णन करत होता. हे ऐकत होते की नाही कोण जाणे. कठड्याला धरून उभे होते. मग मला हळूच म्हणाले, “भोवतीचं हिरवं सगळं दिसतंय गं. खेळपट्टीच दिसत नाही.”

मला काय बोलावे कळेना. साठ वर्षांनी माणूस इथवर आला, आणि जिथे तो चेंडू बसला तेवढाच तुकडा डोळ्याने गिळला. मी त्यांना खेळपट्टी कुठे आहे, कोणत्या दिशेने आहे, सांगू लागले. ते म्हणाले, “थांब.” त्यांनी मान उजवीकडे वळवली, जणू पॅव्हेलियनकडे पाहताहेत, आणि डोळ्याच्या कडेने मैदानाच्या मध्यावर पाहिले. बराच वेळ तसेच तिरपे उभे होते. पहारेकऱ्याला वाटले त्यांना कुणाची चाहूल लागली. तोही तिकडे वळून पाहू लागला. “दिसली,” हे म्हणाले. “पिवळसर आहे.”

सेंट लुशियाचे दोन उभे सुळके, पिटन, समुद्रातून थेट वर आलेले, ते मात्र ह्यांना सहज दिसले. डोंगराला मध्य चुकवून पाहता येते. त्या एवढ्याशा बेटाने दोन नोबेल विजेते दिले, अर्थशास्त्राचे आर्थर लुइस आणि कवी डेरेक वॉलकॉट. सेंट किट्सला उसाच्या गाडीच्या जुन्या रुळांवरून आता प्रवाशांची गाडी धावते. साखरेचा धंदा २००५ साली बंद पडला. उसाचे मोकाट वाढलेले रान दोन्ही बाजूंना होते. आम्ही दोघेही त्या गाडीत झोपलो, हे कबूल करते.

समुद्राचा तो मंगळवार मी मुद्दाम शेवटी ठेवला आहे. त्या दिवशी सकाळपासून चारी बाजूंना पाणी होते. जहाजावर नाच, पत्ते, लिलाव असे पुष्कळ चालले होते. मी वरच्या मजल्यावर कडेची खुर्ची धरून बसले ती दुपारच्या जेवणाखेरीज उठले नाही. वारा दमदार होता आणि लाटांचे शेंडे फुटत होते. उडणारे मासे थव्यांनी निघून पुन्हा पाण्यात पडत, चांदीची मूठ उधळावी तसे. हे आधी खोलीत होते, मग वाचनालयात, मग चार वाजता येऊन शेजारी बसले. मी काही विचारले नाही.

बऱ्याच वेळाने त्यांनी डाव्या डोळ्यावर हात ठेवला आणि उजव्याने क्षितिजाकडे पाहिले. मग उजव्यावर ठेवला आणि डाव्याने पाहिले. असे तीन-चारदा केले.

“उजव्यानं पाहिलं की मध्ये खळगा पडतो,” ते म्हणाले. “समुद्राला खळी पडल्यासारखी.”

“आणि डाव्यानं?”

“अजून सरळ आहे.”

सूर्य पाण्याला टेकायला आला होता. ह्यांनी मला विचारले, पाण्याचा रंग कसा आहे ते सांग. मी सांगू लागले: जहाजाजवळ काळपट निळा, त्यापलीकडे जांभळा, आणि एका पट्ट्यात, वेंगुर्ल्याला पावसाळ्याआधी होतो तसा, शिशाचा. ते मध्ये मध्ये विचारत होते, हा पट्टा कुठे, तो पट्टा कुठे, आणि मान वळवून कडेने शोधत होते. आमच्या जेवणाची पंगत साडेपाचची होती. ती चुकली.